सिरीयलचा वैद्यकीय सल्लागार

५ मार्च

आज इतिहास घडला. टीव्हीवाले आले. गावातल्या डॉक्टरवर सिरीयल काढतायत. थोडी हसायची, थोडी रडायची. डॉक्टर, त्याची बायको, दोघांचं पटत नाही, वगैरे. घर हवं, दवाखाना हवा. सगळं गाव फिरून माझ्याच दारात आले. का, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी आपण समजून घ्यायच्या असतात. कंपाउंडर म्हणाला, साहेब, गावात दुसरा दवाखानाच कुठाय. जळतो.

मला मेडिकल अ‍ॅडव्हायझर केलंय. स्क्रिप्टमधल्या औषधपाण्याच्या चुका काढायच्या. शेवटी पडद्यावर माझं नाव येणार. एकट्याचं.

बायकोला सांगितलं. म्हणाली, बरं. गाढवाला गुळाची चव काय.

संकल्प: पोट कमी करणे. रोज डायरी. बायकोवर न ओरडणे (निदान शूटिंग चालू असताना).

६ मार्च

दवाखाना पुढे, घर मागे, मध्ये प्लायवुडचं पार्टिशन. छतापर्यंत जात नाही. फार सोयीचं. मी खुर्चीतून नुसतं ‘चहा’ म्हटलं की पलीकडून चहा येतो. डायरेक्टरला हे इतकं आवडलं की सिरीयलमध्ये घेणार आहे. बायको म्हणाली, इकडचं तिकडे जातं तसं तिकडचंही इकडे येतं, पेशंट बाकावर बसून आपली भांडणं ऐकतात. मी म्हटलं, आपण भांडतोच कुठे? मी बोलतो, तू ऐकतेस.

पोट: उद्यापासून.

१० मार्च

बायको स्वेटर घालून फिरते. तपकिरी, मोठ्या बटणांचा. बाहेर कावळ्यालाही घाम फुटलाय आणि ही स्वेटरमध्ये. म्हणते थंडी वाजते. दुपारी झोपते, उठते तेव्हा दमलेली असते. बेसिनमध्ये केस. तोंड सुजल्यासारखं. आवाज तर इतका जाड झालाय की माझ्या मित्राने फोनवर मीच समजून तिला दोन शिव्या हासडल्या. ती म्हणाली, चला, या घरात कोणीतरी माझ्याशी मोकळेपणाने बोललं.

रक्त तपासा म्हणते. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. निदान स्पष्ट आहे: आळस.

१४ मार्च

आज हद्द झाली. शेवटचा पेशंट आत पाठव म्हटलं तर बायको आत आली. हातात नंबरचा बिल्ला. बाहेर बाकावर सगळ्यांच्या बरोबर नंबर लावून बसली होती म्हणे. म्हणाली, डॉक्टर, नवऱ्याला वेळ नाही म्हणून तुमच्याकडे आले. बाहेर लोक खीखी करत होते. मी संयम ठेवला. टॉनिक लिहून दिलं, हलत जा जरा, म्हटलं आणि ओरडलो, नेक्स्ट! बाहेर कोणी नव्हतं. ती बिल्ला टेबलावर ठेवून गेली.

तिने विनोद केला, मी विनोदाने घेतला. संसार असाच चालतो.

१८ मार्च

सिरीयलची लेखिका रोज दवाखान्यात येते. तरुण मुलगी, डोळ्यावर जाड चष्मा. कंबर दुखते म्हणते, पण तपासून घेत नाही, बाकावर बसून राहते. संध्याकाळपर्यंत. कंपाउंडरचं म्हणणं, ती पार्टिशनकडे कान लावून बसते. चूक. ती माझी पेशंटशी बोलायची पद्धत टिपते आहे. आज मुद्दाम दोन ठसकेबाज वाक्यं टाकली. ती बिचारी तेव्हाच उठून मागच्या दाराने घरात गेली. बायकोशी गप्पा. बायकोकडे काय मिळणार तिला? ओल्या मोज्यांची दोरी?

२५ मार्च

पहिली स्क्रिप्ट आली. औषधांचं वाचलं. दोन चुका: स्टेथोस्कोप उलटा लावलाय, ताप काखेत मोजून तोंडातला आकडा सांगितलाय. लाल पेनाने झोडपलं.

संवाद काही मी वाचत नाही, ते माझं काम नव्हे. पण नजर गेली. यातला डॉक्टर म्हणजे निव्वळ दगड आहे. बायको जेवायला वाढते तेव्हा हा मोबाईलवर स्वतःचेच फोटो बघतो. बायको म्हणते बरं वाटत नाही, हा म्हणतो, डाळीत मीठ जास्त झालंय. असला माणूस मी जन्मात पाहिला नाही. जेवताना बायकोला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, कुठून शोधतात हे लोक. तिला ठसका लागला. पाणी दिलं असतं, पण तांब्या तिच्याच बाजूला होता.

(डाळीत मीठ जास्त होतं.)

२९ मार्च

कपडेवाल्या मुलीला बायकोचा स्वेटर आवडला. हुबेहूब तसाच आणला हिरोईनसाठी. आता वाड्यावस्त्यांत त्याची फॅशन होणार. बायकोला म्हटलं, बघ, माझ्यामुळे तुझा स्वेटर टीव्हीवर. म्हणाली, आतलं माणूस कधी जाणार?

कुठे जाणार म्हणते देव जाणे.

२ एप्रिल

मास्टरस्ट्रोक. हिरोला रक्त काढता येत नव्हतं, सुई बघितली की डोळे फिरतात. करून दाखवायला हात कोणाचा? बायकोचा! तिला रक्त तपासायचंच होतं. एका दगडात दोन पक्षी. लाईट लावले, कॅमेरा लावला. पहिल्यांदा शीर मिळाली नाही, दुसऱ्यांदा हिरोची सावली पडली, तिसऱ्यांदा डायरेक्टर म्हणाला, बाई, जरा दुखल्यासारखं करा. बायको म्हणाली, दुखतंय. डायरेक्टर म्हणाला, नाही, दिसत नाहीये. शेवटी एकदम क्लासिक काढलं. बाटलीवर मी स्वतः लेबल लावलं, तिचं पूर्ण नाव, माझ्या अक्षरात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिचा हात जरा काळानिळा झालाय. उद्या बर्फ.

३ एप्रिल

बाटली मिळत नाही. सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने उचलली, म्हणाला, सर, ती आता सीनमध्ये एस्टॅब्लिश झाली, पुढच्या शॉटलाही तीच लागणार, देता येत नाही. कलेपुढे काय बोलणार.

बर्फ राहिला.

७ एप्रिल

बायकोने विचारलं, रिपोर्ट? म्हटलं, नॉर्मल. अनुभवी डोळ्याला लॅब लागत नाही. उगाच शहरात सॅम्पल पाठवून तिच्या मनात शंका कशाला? ती म्हणाली, सगळं नॉर्मल? म्हटलं, एकदम. मग स्वतःशीच म्हणाली, म्हणजे मीच अशी आहे. मी म्हटलं, हो ना, तेच तर.

तिला हायसं वाटलं असावं. बराच वेळ खिडकीत उभी होती.

११ मे

पहिला भाग लागला! दवाखान्यात टीव्ही लावला. अर्धं गाव बाकावर, बाकीचं दारात. डॉक्टर खुर्चीतून ‘चहा!’ म्हणून ओरडतो आणि पार्टिशनवरून कप येतो, तिथे लोक पोट धरून हसले. मग सगळे माझ्याकडे बघून हसले. अभिमान असतो गावाला.

नाव आलं, पण इतक्या वेगाने गेलं की फक्त आडनावाची शेपूट दिसली. तक्रार करणे.

१९ मे

पेशंट वाढलेत. भलते चौकस झालेत सगळे. खोकला राहतो बाजूला, विचारतात, वहिनी कशा आहेत? एक म्हातारा तर म्हणाला, डॉक्टर, मी गोळी घेतो, तुम्ही तेवढा बायकोला एक शब्द बरा बोला. मी म्हटलं, बाबा, तो टीव्हीवरचा डॉक्टर. म्हातारा म्हणाला, हो हो, त्यालाच सांगा.

अडाणी लोक. खरं आणि खोटं यातला फरक कळत नाही.

१ जून

आजच्या भागात रक्त काढायचा सीन. हिरोचा हात, पण आतलं कसब माझं. सगळ्यांना गप्प केलं, म्हटलं, आता बघा. कॅमेरा बाटलीवर गेला. जवळ. अजून जवळ. पूर्ण पडदाभर लेबल. बायकोचं नाव. माझं अक्षर.

मग कंपाउंडर म्हणाला, साहेब, हे रक्त तर आपण लॅबला पाठवलं होतं ना?

बायको मागे दारात उभी होती. म्हणाली, अहो, माझा रिपोर्ट छान आलाय. रंगीत.

लोक हसले. मीही हसलो. तीही हसली असावी, मी वळून बघितलं नाही.

मग घरात. मी म्हटलं, तांत्रिक चूक आहे, प्रॉपर्टीवाल्याची. मी पुन्हा म्हटलं. पार्टिशनपलीकडून कोणीतरी म्हणालं, डॉक्टर, जरा मोठ्याने, तुमचं ऐकू येत नाही.

२ जून

बायको लेखिकेच्या गाडीतून शहरात गेली. काम आहे म्हणाली. बाजार असेल. संध्याकाळी आली. चहाला उशीर.

१२ जून

नवी स्क्रिप्ट. माझ्या आयुष्यात इतका संताप मला आला नव्हता. यातल्या बायकोला थंडी वाजते, वजन वाढतं, केस गळतात, आवाज जाड, तोंड सुजलेलं, दिवसभर झोप. आणि डॉक्टर म्हणतो, आळस! शेंबडं पोर सांगेल की हा थायरॉइड आहे. लाल पेनाने पानभर लिहिलं: ‘कुठलाही डॉक्टर, घोड्याचा असला तरी, हे ओळखेल. इतका मूर्ख माणूस दाखवलात तर आमच्या पेशावरचा लोकांचा विश्वास उडेल. हा डॉक्टर नव्हे, खाटीक आहे.’ खाली सही. शिक्का.

बायकोला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, शिक्का छान उमटलाय.

१३ जून

सकाळी साखर शोधताना फडताळात गोळ्या सापडल्या. थायरॉइडच्या. मोठा डोस. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलेल्या. बायकोच्या नावाने.

१३ जून, दुपारी

शांत डोक्याने विचार केला. हिची केस वेगळी. हिचं हळूहळू आलं. सिरीयलमधलं भसकन येतं, म्हणून मला लगेच ओळखता आलं. शिवाय डॉक्टरने घरच्या माणसाला तपासू नये, हा आमच्या पेशातला संकेत आहे. म्हणजे मी संकेत पाळला.

तिला म्हटलं, मला विचारायचंस तरी. ती म्हणाली, विचारलं होतं, नंबर लावून. मी म्हटलं, हे तू गावात सांगत बसू नकोस. ती म्हणाली, गावाला दर रविवारी टीव्हीवर कळतं, मला वेगळं सांगायला वेळ कुठे.

जीभ धारदार झाली आहे. गोळ्यांचा साइड इफेक्ट.

संकल्प: तिला रोज ‘कशी आहेस’ विचारणे. उद्यापासून. आज तिचा मूड नाही.

३० जून

‘कशी आहेस’ राहून गेलं. महिनाअखेर.

बायको मात्र सुधारते आहे. आवाज मोकळा झाला. मध्येच गुणगुणते. चेहऱ्याची सूज उतरली, डोळे दिसायला लागले. मला वाटायचं तिचे डोळे बारीकच आहेत. कंपाउंडर म्हणाला, वहिनी एकदम लग्नातल्या फोटोसारख्या दिसतात. मी म्हटलं, टॉनिकचा गुण.

स्वेटर अजून घालतेच. सवय.

१८ ऑगस्ट

शेवटच्या भागाची स्क्रिप्ट! बायको डॉक्टरला सोडून जाते. मस्त. रडवणार.

लेखिका घरी आली होती. तिने विचारलं, सर, तिने जावं का? मी म्हटलं, शंभर टक्के! असल्या माणसाजवळ राहणं तब्येतीला घातक आहे, मेडिकली सांगतो. एक दिवस सुद्धा राहू नये. बायको बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली. विचारलं, आणि आता ती बरी होत आलीय, तरी? मी म्हटलं, मग तर जायलाच हवं. आजारी असताना पाय निघत नाही. पायात जोर आला की निघावं.

लेखिकेने विचारलं, तो अडवेल? मी म्हटलं, छे! त्याला कळणारच नाही. चहा आला नाही की कळेल. लेखिका म्हणाली, आणि शेवटी त्याला आपली चूक उमगते, असं दाखवू का? मी म्हटलं, मुळीच नको. पटणार नाही. असली माणसं बदलत नसतात, बाई.

बायको माझ्याकडे कितीतरी वेळ बघत होती. इतक्या आदराने तिने मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

लाल पेनाने दोनच सूचना दिल्या. एक: बॅगेत थायरॉइडच्या गोळ्या भरताना दाखवा, या आयुष्यभर घ्यायच्या असतात. दोन: हिरोईन तालमीत भराभर चालत होती. ही पेशंट नुकती बरी होतेय. सावकाश चालेल, पण थांबणार नाही.

२६ ऑगस्ट

शेवटच्या सीनचं शूटिंग. आमचंच अंगण, आमचंच फाटक. मला डायरेक्टरशेजारी खुर्ची, कानात हेडफोन, समोर छोटा टीव्ही. डायरेक्टर म्हणाला, हिरोईन तयार होईपर्यंत कॅमेरा चालू करून लाईट बघून घेतो.

तेवढ्यात पडद्यावर ती दारातून बाहेर आली. पाठमोरी. तपकिरी स्वेटर, हातात बॅग. पायऱ्या उतरली. सावकाश, पण थांबली नाही. तालमीत हिरोईनला आमचं फाटक लागत नव्हतं. गंजलंय, किंचित उचलून ढकलावं लागतं. हिने बॅग खाली ठेवली, फाटक उचललं, एका झटक्यात लावलं, बॅग घेतली, गेली. मागे बघितलं नाही.

मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. ओरडलो, याला म्हणतात चाल! पेशंट अशीच चालते! माझी सूचना होती ती! डायरेक्टर पण खूश. म्हणाला, ठेवा हाच, रिटेक नको.

मग मागून हिरोईन आली. केसांना क्लिपा लावलेल्या. म्हणाली, सर, मी तयार आहे, सुरू करूया?

२६ ऑगस्ट, नंतर

बहिणीकडे गेली असेल. येईल. बॅग लहान होती.

फडताळात बघितलं. गोळ्या नेल्यात. म्हणजे सूचना पाळते. जे सूचना पाळतं ते माणूस परत येतं.

२९ ऑगस्ट

खुर्चीतून ‘चहा’ म्हटलं. सवय. पार्टिशनपलीकडे काही नाही. बाकावरचे पेशंट आधी हसले, मग गप्प झाले. ते गप्प झालेले आवडलं नाही. ओरडलो, नेक्स्ट.

१४ सप्टेंबर

शेवटचा भाग. तो शॉट ठेवलाय. पाठमोरी जाते ती आमचीच. दारातल्या बायका रडल्या. तो चौकस म्हातारा मला म्हणाला, गेली एकदाची, सुटली. मी म्हटलं, बाबा, ती हिरोईन. तो म्हणाला, हो ना, तीच.

नाव आलं. या वेळी वाचता आलं. खाली आणखी एक ओळ होती: कथासहाय्य, आणि बायकोचं नाव. माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. तक्रार करणे.

२ ऑक्टोबर

शहरात जाऊन आलो. तिला आणायलाच गेलो होतो. बहिणीने दार साखळीपुरतं उघडलं. म्हणाली, भावजी, ती कामावर गेलीय, सिरीयल लिहिणाऱ्यांच्या ऑफिसात. मी म्हटलं, तिला म्हणावं, मी विचारलंय, कशी आहेस. बहीण म्हणाली, सांगते. दार लावलं. मी जिन्यात थोडा थांबलो. आतून हसण्याचा आवाज आला. मोकळा, बारीक आवाज. पहिल्यांदा ओळखलाच नाही.

लेखिकेला फोन केला. दुसऱ्या सीझनसाठी एक आयडिया दिली: बायको परत येते. मेडिकली सुद्धा योग्य, पेशंटला घरचं वातावरण लागतं. ती म्हणाली, आम्ही हा पर्याय चर्चेत घेतला होता सर. मी विचारलं, मग? ती म्हणाली, वहिनींनी लाल पेनाने काट मारली.

१० नोव्हेंबर

पेशंट कमी झालेत. सध्या हवा चांगली आहे.

पोट मात्र कमी झालंय. बघा, संकल्प पूर्ण होतात.

३ डिसेंबर

लेखिकेचा फोन! माझी गरज लागलीच. दुसऱ्या सीझनमध्ये बायको शहरात एकटी राहते, नोकरी करते, गंमतीजमती. डॉक्टर वारलेला दाखवणार आहेत. मी लगेच मेडिकल सल्ला दिला: हार्ट अटॅक दाखवा, भारदस्त वाटतो. ती म्हणाली, कशाने वारला ते सांगणार नाही आहोत सर, कोणी विचारेल असं वाटत नाही.

तिला हवा होता डॉक्टरचा फोटो. बायकोच्या खोलीत भिंतीवर लावायला. हिरोने दुसरी सिरीयल घेतली, तो स्वतःचा फोटो वापरू देत नाही. म्हणाली, लांबून दिसणार, तुमचा चालेल सर, तुम्ही अगदी तसेच आहात.

शेवटी कोणीतरी साम्य ओळखलं. आता नावच नाही, चेहरासुद्धा. दर रविवारी, तिच्याच भिंतीवर.

४ डिसेंबर

चांगला फोटो एकच आहे. लग्नानंतर फिरायला गेलो होतो तेव्हाचा. त्यात ती शेजारी आहे. कात्रीने तिला कापलं. पण तिचा हात माझ्या खांद्यावर आहे, तो निघत नाही. कापला तर माझा खांदा जातो. बराच वेळ घेऊन बसलो. शेवटी तसाच पाठवला आणि खाली लिहिलं, हात राहू दिलात तरी चालेल.

७ डिसेंबर

सिरीयलच्या ऑफिसातून फोटो तयार करून पाठवला, बघून घ्या म्हणून. हात काढलाय. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम, म्हणाले. अजिबात कळत नाही.

बघितला. खरंच कळत नाही. छान केलंय.